पेशी बसते कशी, त्यावर तिचा राग

आमच्या गावात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं तपासणी शिबिर झालं की दुसऱ्या दिवशी जीवशास्त्राचा तास गच्च भरतो. एरवी वेचणीच्या दिवसांत अर्धी बाकं रिकामी असतात, पोरं आईबापासोबत वावरात गेलेली. वर्धा नदीचा हा काठ, अलीकडे यवतमाळ, पलीकडे चंद्रपूर. इथल्या पोरांना 'एएस' आणि 'एसएस' ही अक्षरं बाराखडीसोबतच कळतात. कुणाची बहीण 'एएस' असते, म्हणजे नुसती वाहक, कुणाचा भाऊ 'एसएस', म्हणजे रुग्ण, थंडी पडली की सांधे धरून बसणारा.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका तासाला अकरावीतल्या एका पोरीनं विचारलं, "सर, लाल पेशी इळ्यावानी वाकडी झाली तं मानूस दुखण्यानं लोळते. मंग पांढरी पेशी वाकडी झाली तं काय होते?"

मी पटकन म्हणून गेलो, "पांढरी पेशी वाकडी व्हायसाठीच असते, बेटा. तिला ठरलेला आकारच नाही." वर्ग हसला, घंटा झाली. घरी येताना मात्र चुटपुट लागली. उत्तर खोटं नव्हतं, पण मी प्रश्न टोलवला होता. आकार बदलला की पांढऱ्या पेशीत खरंच काहीतरी घडतं आणि ते लाल पेशीत घडतं त्याहून फार निराळं असतं. त्या पोरीला द्यायचं राहिलेलं उत्तर इथं लिहितो आहे.

सुरुवात लाल पेशीपासूनच करू, कारण ती ओळखीची. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या साखळीतला सहाव्या जागेवरचा एक मणी बदललेला असतो, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन. एवढाच फरक. पण ऑक्सिजन कमी पडला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब काड्या तयार करतं, त्या काड्या पेशीला आतून ताणतात आणि गोल पेशीचा विळा होतो. दोष एका रेणूत आहे, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवलं. विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, लवकर फुटतात, आणि पुढचं दुखणं आपण घरोघरी पाहतो.

आता एक बारीक गोष्ट. पूर्ण वाढलेल्या लाल पेशीत केंद्रक नसतं. म्हणजे जनुकांची पोथीच नसते. ती वाकडी झाली काय, सरळ राहिली काय, तिच्या आत कुणी कुठलं पान उलगडणार नाही. तिचा आकार बिघडतो तो बाहेरच्यांना अडचण करण्यापुरता. पांढऱ्या पेशीकडे मात्र पोथी असते. तिचा आकार बदलला की त्याची खबर पोथीपर्यंत जाते, आणि कुठलं पान वाचायचं, कुठलं मिटायचं, यात फरक पडतो. पोरीच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे होतं.

पांढऱ्या पेशी बऱ्याच जातींच्या. इथं एकीबद्दलच बोलू, मॅक्रोफेजबद्दल. नावाचा अर्थ 'मोठी खादाड'. जंतू, मेलेल्या पेशी, धूळ, जे सापडेल ते गिळणारी. ही दिसत नाही असं वाटत असेल तर आजीच्या हातावरचं गोंदण पाहा. ती निळी-हिरवी शाई कातडीखाली नुसती सांडलेली नाही, ती मॅक्रोफेजांच्या पोटात आहे. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर दाखवलं की शाई गिळलेली पेशी मेली की सांडलेली शाई तिथं आलेली नवी मॅक्रोफेज गिळते. पहारेकरी बदलतात, ठिपका जागचा हलत नाही. आजीच्या मनगटावरचं तुळशीवृंदावन साठ वर्षं टिकलं ते या खादाडांच्या पिढ्यांनी सांभाळलं म्हणून.

या पेशींचं काम पहिल्यांदा नीट ओळखलं ते इल्या मेचनिकॉफ यांनी, तेही काट्यामुळे. १८८२ साली ते सिसिलीतल्या मेसिना शहरात राहत होते. घरचे सगळे सर्कस पाहायला गेलेले, हे सूक्ष्मदर्शक घेऊन घरी. तारामाशाच्या पिल्लाचं अंग काचेसारखं पारदर्शक असतं. बागेतल्या गुलाबाचा काटा त्यांनी अशा पिल्लाच्या अंगात खुपसला आणि रात्रभर वाट पाहिली. सकाळी काट्याभोवती भटक्या पेशींचा गराडा पडलेला. १९०८ साली त्यांना नोबेल मिळालं. आमच्याकडे बाभळीचा काटा तळपायात मोडला की दुसऱ्या दिवशी जे होतं, तेच त्यांनी पहिल्यांदा काचेतून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी काय होतं, ते सांगायला नको. कापूस वेचणाऱ्या बाईला विचारा. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, नखाच्या बाजूला टोचतात. संध्याकाळी बोट लाल होतं, गरम लागतं, सुजतं, रात्री ठणकतं. रोमन लेखक सेल्ससनं पहिल्या शतकात दाहाची हीच चार लक्षणं लिहून ठेवली: लाली, ऊब, सूज, वेदना. यातलं काहीही जंतू करत नाही, ते आपल्याच पेशी करतात. पेशी काही द्रव्यं सोडतात, त्यानं रक्तवाहिन्या सैल होतात, पाणी झिरपतं, आणखी पेशी धावून येतात. ही द्रव्यं सगळीच आधीपासून गोदामात भरून ठेवलेली नसतात. बहुतेक ऐनवेळी तयार करावी लागतात, आणि तयार करायची म्हणजे त्यांची जनुकं उघडून वाचावी लागतात. जनुक वाचून त्यातला माल तयार होण्यालाच शास्त्रात जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. मला तो शब्द जड वाटतो, मी 'वाचन' म्हणतो.

मग वाचनाचा हुकूम कोण देतं?

इथं कापूस पुन्हा कामी येतो. कापसाच्या झाडावर, पानांवर, बोंडाच्या पाचोळ्यावर काही जंतू राहतात, ज्यांच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचं द्रव्य असतं. कापसासोबत पाचोळा चिरडला जातो, त्याची धूळ उडते, धुळीसोबत हे द्रव्य छातीत जातं. सूतगिरण्यांच्या पिंजण खात्यातल्या कामगारांना सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी व्हायची, आठवडा पुढे सरकला की कमी वाटायचं. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात आणि त्यामागचा मोठा संशयित हेच द्रव्य आहे. गंमत अशी की जगभरच्या प्रयोगशाळांत मॅक्रोफेजला चिडवायचं असेल तर संशोधक नेमकं हेच वापरतात. म्हणजे जिनिंगमध्ये तोंडाला दुपट्टा न बांधता रुई ढकलणारा आमचा पोरगा जे श्वासातून घेतो, तेच तिकडे मापून थेंबानं टाकतात. दुपट्टा बांध रे, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. बांधत कुणी नाही.

मॅक्रोफेजच्या अंगावर हे द्रव्य ओळखणारं एक कुलूप असतं, टीएलआर-४. ब्रूस ब्यूटलर यांच्या गटानं १९९८ साली ते शोधलं, २०११ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे. कुलपात किल्ली बसली की आत निरोप सुटतो. निरोप नेणारं मुख्य प्रोटीन म्हणजे एनएफ-कप्पा-बी. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते १९८६ साली शोधलं. शांततेच्या वेळी हे प्रोटीन दाव्याला बांधलेल्या बैलासारखं पेशीच्या अंगणात, केंद्रकाबाहेर उभं असतं. दावं म्हणजे आय-कप्पा-बी नावाचं दुसरं प्रोटीन. निरोप आला की दावं तुटतं, बैल सुटतो, केंद्रकात शिरतो आणि दाहाची जनुकं वाचायला लावतो. आणि आत गेल्यावर जी जनुकं सगळ्यांत आधी वाचली जातात त्यात एक असतं नव्या दाव्याचं. सुटलेला बैल स्वतःसाठीच नवं दावं वळायला लावतो! निरोगी माणसाची सूज आपोआप उतरते त्यामागे अशा बऱ्याच युक्त्या आहेत, मला ही सगळ्यांत आवडते.

इथवरची गोष्ट पाठ्यपुस्तकात सापडते. या गोष्टीतली पेशी म्हणजे पाण्यानं भरलेली पिशवी, मधे केंद्रक, आकृतीत तव्यावर फोडलेल्या अंड्यासारखी. कुलूप बाहेर, पोथी आत, निरोप्या पोहत जाणार. पिशवी गोल की लांब, दाटीत की मोकळी, याच्याशी जणू कुणाला देणंघेणं नाही. मीही अनेक वर्षं असंच शिकवलं.

पण पोथी कशी ठेवलेली आहे ते पाहा. आपल्या एका पेशीतला डीएनए ताणून सरळ केला तर सुमारे २ मीटर भरतो. तो बसवायचा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात. म्हणून तो हिस्टोन नावाच्या प्रोटीनच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, एकेका रिळावर साधारण १४७ अक्षरं. डीएनए आणि रिळं मिळून जे होतं त्याला क्रोमॅटिन म्हणतात. जिनिंगच्या आवारात दोन्ही चित्रं एका नजरेत दिसतात. एकीकडे कापसाची मोकळी गंजी, कुठूनही हात घाला, मूठभर निघेल. दुसरीकडे प्रेसमधून निघालेल्या गासड्या, एकेक १७० किलोची, पट्ट्या आवळलेल्या. त्यातून बोंडाएवढी रुई काढायची तरी आधी पट्टी तोडा. दाहाची काही जनुकं गंजीसारखी मोकळी ठेवलेली असतात. टीएनएफ हे त्यातलं नावाजलेलं. इशारा आला की तासाभरात वाचन सुरू. काही मात्र गासडीत असतात. आयएल-६ सारखी जनुकं वाचायची तर आधी तिथलं क्रोमॅटिन सैल करावं लागतं, त्याला वेळ लागतो, जास्तीचे हात लागतात. घाईची जनुकं आणि उशिराची जनुकं, असे हे दोन गट. हा फरक लक्षात ठेवा, पुढची गोष्ट याच्यावरच उभी आहे.

२०१३ साली कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथल्या विद्यापीठात वेंडी लिऊ यांच्या गटानं एक साधा वाटणारा प्रयोग केला. उंदराच्या हाडातल्या मज्जेतून वाढवलेल्या मॅक्रोफेज त्यांनी अशा पृष्ठभागावर सोडल्या जिथं पेशीला चिकटता येईल असे फक्त अरुंद पट्टे होते, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढ्या रुंदीचे. पेशींना पर्याय नव्हता, त्या पट्ट्यावर लांब झाल्या. बैलगाडीच्या चाकोरीत झोपायला सांगितलं तर माणूस जसा हातपाय पसरण्याऐवजी लांबच होईल, तशा. आणि नुसत्या लांब झाल्या म्हणून त्यांचं वागणं बदललं. कुठलंही औषध नाही, कुठलंही द्रव्य नाही, तरी त्यांच्यात आर्जिनेज-१ नावाचं प्रोटीन वाढलं. ही खूण आहे शांत झालेल्या, जखम भरायच्या कामाला लागलेल्या मॅक्रोफेजची. पेशीचा सांगाडा बिघडवणारी द्रव्यं टाकली तेव्हा हा परिणाम गेला.

सांगाडा म्हणजे काय, ते थांबून सांगायला हवं. पेशीत हाडं नसतात, पण दोऱ्या आणि नळ्या असतात. ॲक्टिन नावाच्या प्रोटीनचे सुटे मणी एकमेकांना जोडून दोऱ्या होतात. ट्युब्युलिनचे मणी जोडून पोकळ नळ्या होतात, त्यांना सूक्ष्मनलिका म्हणतात. दोन्ही सतत बांधल्या जातात, सतत मोडल्या जातात. पेशी सरपटते, पसरते, गिळते ती यांच्या जोरावर. यातल्या काही दोऱ्या केंद्रकाच्या आवरणाला बाहेरून बांधलेल्या असतात आणि त्या आवरणातून आरपार गेलेली प्रोटीनं आतल्या बाजूला असलेल्या जाळीला धरून असतात. सुतळीच्या बाजेवर कुणी उशाला बसलं की पायथ्याची दोरीही ताणली जाते, तसा प्रकार. पेशी कडेला पसरली की ओढ केंद्रकापर्यंत जाते, केंद्रक चपटं होतं, आतल्या क्रोमॅटिनची मांडणी हलते. निरोप पोहत जाण्याआधी ओढ पोहोचलेली असते.

दुसरा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात 'का' याचं उत्तर आहे. झुरिकच्या ईटीएच या संस्थेत निखिल जैन आणि व्हिओला फोगेल यांनी मॅक्रोफेजना कोंडलं. छोट्या छोट्या खणांत बसवलं, बारीक छिद्रांत बसवलं, नुसती दाटी करूनही पाहिलं. पेशी पसरू शकणार नाहीत एवढंच साधायचं होतं. मग तेच कापसाच्या धुळीतलं द्रव्य टाकलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा: कुलपात किल्ली नीट बसली, बैल सुटला, केंद्रकात गेला, घाईची जनुकंही जवळजवळ नेहमीसारखीच वाचली गेली. उशिराची मात्र मंदावली. आयएल-६ कमी, त्याच्यासारखी बाकीची कमी. कोंडलेल्या पेशींचं क्रोमॅटिन जास्त दाबलेलं होतं. गासड्यांच्या पट्ट्या सुटल्याच नव्हत्या.

असं का झालं, ते मांडवाच्या गोष्टीवरून सांगतो, कारण वर्गात हे एका दमात कळलं.

लग्नघरी मांडव घालायचा आहे. अंगणात बांबू येऊन पडलेत, आणि एक पाहुणा, समजा मामा, त्या सुट्या बांबूंच्या राखणीला बसवलाय. बांबू सुटे आहेत तोवर मामाला उठता येत नाही. मांडव उभा राहायला लागला, एकेक बांबू रोवला गेला, जमिनीवर एकही उरला नाही की मामा मोकळा. मग तो घरात जातो आणि आतल्या मंडळींना सांगतो, बाहेरचं झालं, आता पुढच्या कामाला लागा. पेशीतल्या या मामाचं नाव एमआरटीएफ-ए. तो ॲक्टिनच्या सुट्या मण्यांना धरून बसलेला असतो. पेशी पसरते तेव्हा सुटे मणी दोऱ्यांत ओवले जातात, मामा सुटतो, केंद्रकात जातो, तिथं एसआरएफ नावाच्या जोडीदाराला भेटतो आणि दोघं मिळून उशिराच्या जनुकांना हात लावतात. कोंडलेल्या पेशीत मांडव घालायला जागाच नाही. बांबू सुटेच पडून राहतात. मामा अंगणातच.

मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हंजे सर, मामा नाई आला तं लगन अडते." हो. विदर्भात तर अडतंच.

या सगळ्याचा शरीरात अर्थ काय? जखमेच्या जागी आधी मोकळीक असते, मग पेशींची गर्दी होत जाते. सुरुवातीला जोरदार राग हवा, गर्दी झाल्यावर तो आवरायला हवा, नाहीतर आपल्याच मांसाची नासधूस. गर्दी हाच आवर घालण्याचा इशारा असेल तर ती फार काटकसरीची व्यवस्था म्हणायची, वेगळा निरोप्या पाठवायला नको. पण काचेच्या तबकडीत जे दिसलं ते ठणकणाऱ्या बोटात तसंच्या तसं घडतं, असं मी म्हणणार नाही. बोटात पेशी सगळ्या बाजूंनी वेढलेली असते, रक्त वाहत असतं, तंतूंचं जाळं असतं. तबकडीतली पेशी म्हणजे शाळेच्या मैदानात एकट्यानं खेळणारा पोरगा.

जमीन कठीण की मऊ, हेही पेशीला कळतं. मऊ काळ्या मातीत पाय कसा पडतो आणि मुरमावर कसा पडतो, अनवाणी चालणाऱ्याला सांगावं लागत नाही. पेशीकडे त्यासाठी पायझो-१ नावाचं दार आहे. पेशीचं आवरण ताणलं गेलं की ते उघडतं आणि कॅल्शियम आत येतं. आर्डेम पटापूशियन यांच्या गटानं २०१० साली पायझो शोधलं, आणि स्पर्शाच्या या संशोधनासाठी त्यांना २०२१ च्या नोबेलचा वाटा मिळाला. त्याच वर्षी वेंडी लिऊ यांच्या गटानं दाखवलं की कठीण पृष्ठभागावर बसलेली मॅक्रोफेज जास्त भडकते आणि पायझो-१ काढून टाकलं की ती भडक उतरते. जुना व्रण आजूबाजूच्या कातडीपेक्षा कठीण असतो, बोटानं दाबून पाहा. अशा ठिकाणी बसलेल्या पेशीला काय वाटत असेल, हा प्रश्न आता डॉक्टर मंडळी गंभीरपणे विचारतात.

मधेच एक सांगून टाकतो. आठवडी बाजारात गाडीवर लाऊडस्पीकर लावून सूज उतरवणारं तेल विकणारे येतात. उद्या त्यांनी 'पेशींचा आकार सुधारणारं' तेल आणलं तर माझं नाव सांगून कुणी घेऊ नका. वरून चोळून आतल्या मॅक्रोफेजना चाकोरीत निजवता येत नाही. आणि सूज ही मुळात वाईट नाहीच. ती आलीच नाही तर काट्याबरोबर आत गेलेले जंतू माणसाला खातील.

पण पेशीच्या सांगाड्यावर काम करणारं एक खरं औषध आहे, फार जुनं आहे, आणि त्याचं झाड आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर उगवतं.

पावसाळ्यात झुडपांवर चढलेली, पानाच्या टोकानं आधार पकडणारी वेल, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखं फूल. कुणी वाघनखी म्हणतं, कुणी खड्यानाग, बहुतेक जण कळलावी. भांडणं लावणाऱ्या बाईला कळलावी म्हणतात ते वेगळं, तरी या वेलीचा स्वभावही फार चांगला नाही. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. हे द्रव्य ट्युब्युलिनच्या मण्यांना धरतं आणि नळ्या बांधूच देत नाही. सांधे सुजवणाऱ्या गाउटवर ते वापरतात. नळ्या नसल्या की भटक्या पांढऱ्या पेशींना सुजेकडे नीट धावता येत नाही, आणि पेशीच्या आत दाहाची यंत्रणा जिथं जुळवायची असते तिथं तिचे भाग वाहून नेता येत नाहीत.

याच औषधाची आणखी एक कहाणी आहे. भूमध्य समुद्राच्या आसपासच्या लोकांत एक आनुवंशिक ताप असतो, वारंवार येणारा, पोटात-छातीत दाह करणारा. १९७२ पासून त्यावर कोल्चिसिन देतात. ते का लागू पडतं याचा उलगडा व्हायला चाळीसेक वर्षं लागली. या रुग्णांत पायरिन नावाच्या प्रोटीनमध्ये बदल असतो, आणि पायरिन हा पेशीच्या सांगाड्याचा राखणदार निघाला. काही जंतूंची विषं सांगाड्याच्या मुकादमालाच, ऱ्होए नावाच्या प्रोटीनला, निकामी करतात. पायरिन जंतू ओळखत नाही, विषही ओळखत नाही. मुकादम कामावर नाही एवढंच त्याला कळतं आणि तो बोंब ठोकतो. चोराचं तोंड न पाहता, कुत्रं का भुंकत नाही यावरून चोर आल्याचं ताडणारा हा राखणदार. रुग्णांत तो उगाच ओरडतो. कोल्चिसिननं नळ्या मोडल्या की त्यांना चिकटून बसलेलं एक प्रोटीन सुटतं, ते मुकादमाला कामाला जुंपतं आणि राखणदार गप्प बसतो. इथं पोथी वाचण्याचा टप्पा मागे पडलेला असतो, तयार झालेला माल बाहेर सोडायचा की नाही एवढा प्रश्न असतो. पण गोष्ट तीच, सांगाडा कसा आहे यावरून राग ठरतो.

हृदयाच्या रक्तवाहिन्यांमधल्या दाहासाठीही आता कोल्चिसिन वापरतात. अमेरिकेत जून २०२३ मध्ये त्याला त्या कामासाठी परवानगी मिळाली, रोज अर्धा मिलिग्रॅम. अर्धा मिलिग्रॅम हे मुद्दाम लिहिलं. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत या द्रव्याच्या बाबतीत फार अंतर नाही, आणि कंदाच्या तुकड्यात किती आहे ते डोळ्यांनी कळत नाही. कळलावीचा कंद खाऊन माणसं मेली आहेत. बाळंतपणाच्या कळा याव्यात म्हणून जुन्या काळी तो देत, नाव त्यावरूनच पडलं म्हणतात. ते कुणीही करू नये.

एवढं सगळं मी त्या पोरीला या जुलैमध्ये सांगितलं, ती बारावीत गेल्यावर. तिनं वहीत मांडव काढला, मामा काढला, मामाला टोपी घातली. मग म्हणाली, "सर, आमच्या धुऱ्यावर लय कळलावी हाय. उपटून आनू का उद्या, प्रॅक्टिकलले?"

म्हटलं, "झाड नको. फोटो आण."